चांदीसकट वजन

"मॅडम, या बाया आहेत का पैलवान?" सरांनी माझं रजिस्टर टेबलावर आपटलं. "चिमट्यात चरबी नाही, अन् वजन एवढं? हे काहून असं येऊन राहिलं?"

आमचं ऑफिस शहरात, नेपियर टाउनात. काम गोंड बाया-पुरुषांच्या शरीराची ठेवण मोजायचं. प्रत्येकाचे तीन आकडे काढायचे: एक चरबीचा, एक हाडापेराचा, एक सडपातळपणाचा. चरबी कॅलिपरने, म्हणजे कातडीची घडी धरणाऱ्या चिमट्याने. सडपातळपणा उंची आणि वजनावरून; वजन जास्त, तर हा आकडा कमी. पुरुषांचं सगळं बरोबर होतं. बायांचा तिसरा आकडा पार तळाला.

कारण मला माहीत होतं. बरगी धरणापलीकडच्या त्या टोल्यावर, म्हणजे गोंडांच्या छोट्या वस्तीवर, मी बायांचं वजन दागिन्यांसकट घेतलं होतं. पायात चांदीची जाड कडी, गळ्यात हसली, म्हणजे चांदीची जाड सरी. कोणी उतरवायला तयार नव्हती, आणि मला ऊन लागून राहिलं होतं. आळस, दुसरं काय!

"परत जा," सर म्हणाले. "नाहीतर या टोल्याच्या सगळ्या बाया लिस्टमधून कट."

तीन दिवस त्यांच्याच अंगणात बसून चहा प्यायले होते. त्यांच्यावर रेघ मारायचं माझ्या अगदी जिवावर आलं.

दुसऱ्या दिवशी काटा घेऊन हजर झाले. सगळ्यात पुढे फूलमतीबाई. साठीच्या, काटक, जिभेने तिखट.

"अम्मा, चाँदी उतार दो, बस पाँच मिनट. तौल के तुरंत वापस."

"अच्छा? और तुम गाड़ी में बैठ के चल दीं तो?"

मला रागच आला. मी काय चोर आहे? मग त्यांच्या उघड्या दारातून आत नजर गेली. जपून ठेवावं असं घरात दुसरं काही नव्हतंच. ही चांदी गेली की सगळं गेलं. चूक त्यांची नव्हती.

माझ्या हातात आईच्या पाटल्या. लग्नापासून उतरल्या नव्हत्या. हातपंपावर साबण लावून ओढल्या, मनगट लालभडक झालं. फूलमतीबाईंच्या ओंजळीत ठेवल्या. "जब तक सब का काम न हो, आप रखो."

त्यांनी पाटल्या उलटसुलट करून पाहिल्या, पदराच्या गाठीत बांधल्या आणि हात पुढे केला. "लाओ साबुन."

मग एकेकीची कडी निघाली, हसली निघाली. वजन झालं की परत अंगावर. माझी मात्र सारखी धाकधूक. आईच्या पाटल्या होत्या हो!

शेवटची बाई काट्यावरून उतरली. फूलमतीबाईंनी गाठ सोडली, माझा हात धरला आणि थांबल्या.

"रुको. पहले तुम चढ़ो."

चढले. आकडा मलाच वाचून दाखवावा लागला.

"हाय दैया! बिना जेवर के इत्ता?"

अख्खा टोला खदखदून हसला. मीही हसले, करते काय! पाटल्या मग त्यांनी स्वतःच चढवल्या, अगदी हळू, मनगट चोळत. मला आईची फार आठवण आली.

बायांचे आकडे बरोबर आले. रिपोर्ट पुढे गेला. तेव्हापासून कुठेही गेले तरी आधी पाटल्या उतरवते, कुणाच्या तरी हातात देते आणि पहिली मीच काट्यावर चढते. बाया भराभर पुढे येतात. वजन मात्र माझं अजून तेवढंच आहे.