'राब' लिहिलेलं कोडं

पेन्सिलीला टोक काढताना लाकडाचा वास आला, की मला दहिवलीच्या आमच्या ओसरीवरच्या जुन्या दुपारी आठवतात. सासरे रोज दुपारी पेपरातलं शब्दकोडं मोठ्याने वाचायचे आणि सासूबाई तांदूळ निवडता निवडता उत्तरं द्यायच्या. त्यांना अक्षरओळख नव्हती, म्हणून शब्द बसला की तो का बसला, हे सासरे चौकटींवर बोट फिरवत त्यांना समजावायचे. त्या गेल्या, आणि तेराव्यानंतर सासऱ्यांनी पहिल्यांदा पेपर उघडला. त्या दिवशीचं सगळं कोडं भातशेतीवर होतं. "लावणीची रोपं तयार करतात ती जागा, दोन अक्षरं," त्यांनी वाचलं आणि सवयीने सुपाकडे पाहिलं. सूप आता माझ्या हातात होतं. उभ्या शब्दातला 'फा' आधीच लागला होता, म्हणून मी म्हटलं, "वाफा." त्यांनी 'फा' खोडला आणि दोन्ही चौकटींत 'राब' लिहिलं. "मामंजी, उभा शब्द चुकला," मी हळूच म्हटलं. "चुकू दे गं. वाफा आमच्यात कोन बोलतं? ती राबच बोलली असती." आता मामंजीही नाहीत; कोडं मी एकटीच सोडवते, आणि शब्द बसला की तो का बसला, हे रिकाम्या ओसरीला मोठ्याने सांगते.