कोमट आहे, चालू द्या

चटका बसला म्हणून हात झटकणारा माणूस इस्त्रीच्या कामाचा नाही, असं इस्त्रीकाका लॉन्ड्रीत नव्याने आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी ऐकवायचे. नुसतं ऐकवून थांबतील तर ते इस्त्रीकाका कसले. नुकतीच दाबलेली कॉलर, तिच्यातून वाफ निघत असतानाच, तळव्याने सपाट करून दाखवायचे. पँटचं तापलेलं धातूचं बटण चिमटीत धरून उभे राहायचे. समोरच्याचं तोंड बघण्यासारखं व्हायचं, मग काका मिशीत हसून म्हणायचे, "होते सवय."

उभा जन्म त्या एका लांबट खोलीत गेला होता. एका भिंतीला धुलाईची यंत्रं, दुसऱ्या भिंतीला चादरींचे ढीग, मध्ये इस्त्रीची टेबलं, आणि खिडक्यांच्या काचा बारा महिने घामेजलेल्या. चहा आला की बाकीचे फुंकर घालत बसायचे, तोवर काकांचा कप रिकामा झालेला असायचा. बायको होती तेव्हा ती चिडायची, "घसा आहे का मोरी?" ती गेली आणि असं टोकणारं घरात कुणी राहिलं नाही. माणूस गेलं की त्याची भांडणंसुद्धा जातात, हे फार उशिरा कळतं.

घरात उरली लेक. तिला ते 'साहेब' म्हणायचे आणि चक्क अहो-जाहो करायचे. "साहेब, उठणार की दुपारचं बघायचं?" ती त्यांना अरे-तुरे करायची. "बाबा, तुझी बडबड बंद कर आधी." शेजाऱ्यांना हे उलटं प्रकरण विचित्र वाटायचं, पण या दोघांचं त्याच्यावाचून पान हलत नसे. कॉलेजात असताना साहेब जिन्यावरून पडल्या होत्या. कण्याला मार बसला आणि कमरेखाली सगळं बधिर झालं. पाय जागच्या जागी होते, पण चिमटा काढला तरी तिला पत्ता नसायचा.

रडत बसणाऱ्यांतली ती नव्हती. पलंगावर उशांना टेकून ती घरांची चित्रं करायला शिकली, अजून बांधलीच न गेलेल्या घरांची. नकाशा आला की ती संगणकावर भिंती उभ्या करायची, खिडक्या बसवायची आणि त्या खिडकीतून फरशीवर ऊन कसं पडेल तेही दाखवायची. काका ते ऊन बघत राहायचे. स्वतःच्या घरात ऊन यायचं ते फक्त मोरीच्या झरोक्यातून, म्हणून असेल. पण तिचा जुना लॅपटॉप म्हणजे शुद्ध छळ होता. एकेका चित्राला दिवस दिवस घ्यायचा आणि मध्येच मान टाकायचा. शेवटी घरं बांधणाऱ्या एका कंपनीने तिला कायमचं काम देऊ केलं, अट एकच, चित्रं वेळेत मिळाली पाहिजेत. हे काम मिळालं तर आपल्यामागे पोरीला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही, एवढंच काकांच्या डोक्यात बसलं. त्यांना दुसरं काही नको होतं हो.

पाहिजे तसा लॅपटॉप जुळवून देणारं एक दुकान होतं. दुकानाला पायऱ्या होत्या, म्हणून तिथला मेकॅनिकच बाहेर आला आणि फुटपाथवर तिच्या चाकाच्या खुर्चीशेजारी स्टूल टाकून बसला. माणूस सज्जन, पण बोलायला लागला की थांबायचा नाही. कुठला प्रोसेसर, किती मेमरी, ग्राफिक कार्ड कुठलं, दोघांची अशी काही जुंपली की काका नुसते माना डोलावत राहिले. सगळं ठरलं तेव्हा त्यांनी त्यांचा एकुलता एक प्रश्न विचारला.

"तापेल का?"

"तापणार की काका. एवढी ताकद म्हटल्यावर उष्णता आलीच."

"तिच्या पायांना कळत नाही, म्हणून विचारलं."

मेकॅनिक गंभीर झाला. टेबलावर ठेवायचा, खालून हवा खेळती पाहिजे, मांडीवर अजिबात नको, असं त्याने बजावलं. मग म्हणाला, "पाहिजे तर वेगाला लगाम घालून देतो. तापणं बरंच कमी होईल. चित्राला वेळ लागेल थोडा जास्त, इतकंच."

तिने चेहरा पाडला. बापाकडे बघितलं फक्त.

लॅपटॉप तयार झाला तेव्हा मेकॅनिकने त्यांना पुन्हा बोलावलं. लॅपटॉपवर कामाचा भरपूर बोजा टाकून बराच वेळ चालवला आणि बुडाशी उष्णता मोजायचं यंत्र धरून आकडा सांगितला. काकांना आकड्यात रस नव्हता. "तुझं यंत्र राहू दे, मला हात लावू दे," म्हणत त्यांनी लॅपटॉपच्या बुडाला अख्खा तळवा लावला आणि तसाच ठेवला. "हे होय? कोमट आहे." मेकॅनिकने त्यांचं बघून हात लावला आणि पटकन काढून घेतला. "काका, चटका नाही बसत तुम्हाला?" काकांना काय, तेच पाहिजे होतं. "इस्त्रीत हाडं झिजली माझी," ते म्हणाले, आणि तिघंही हसली. "लगाम-बिगाम काही नको. साहेबांना पुरा वेग दे."

घरी पलंगावर सरकवायचं टेबल होतं. पण त्याचा एक पाय लुळा होता, आणि ती उशांना रेलली की टेबल हाताला दूर पडायचं. चार दिवस तिने नियम पाळला. मग लॅपटॉप मांडीवर आला, खाली चादरीची एक घडी घेऊन. काकांनी रागावून पाहिलं, ती म्हणाली, "मग तू बघत जा ना हात लावून." तिथून ती रीतच पडली. ते कामावरून आले की ती पडद्यावरची नजर न हलवता म्हणायची, "बाबा, हात." ते चप्पल काढायच्या आधी चादरीखाली हात घालायचे आणि म्हणायचे, "कोमट आहे, चालू द्या." दिवसभरात त्यांच्या कामाचं कौतुक करणारं तेवढंच एक माणूस होतं, आणि तिला धीर देणारा तेवढा एकच हात. दोघांनाही त्या शब्दांची चटक लागली होती.

तिला अंघोळ घालायला रोज सकाळी नर्सबाई यायच्या. काकांनी काढून ठेवलेल्या पाण्यात त्या कोपर बुडवायच्या आणि करवादायच्या, "काका, अंडी उकडायचीत का?" काका पुटपुटत गार पाणी ओतायचे. रोज हसायचे सगळे. बघा, रोज समोर दिसत होतं आणि रोज हसण्यावारी जात होतं. कुणाला बोल लावायचा?

कंपनीचं पहिलं मोठं काम आलं. सबंध इमारत, प्रत्येक मजल्याची चित्रं. त्या दिवशी तिने दुपारचं जेवणसुद्धा बशीत घेऊन डाव्या हाताने उरकलं. लॅपटॉपचे पंखे घरघरत होते. काका कामावरून आले.

"बाबा, हात."

त्यांनी हात घातला. तिची मांडी आणि लॅपटॉप यांच्यामध्ये तळवा नीट फिरवला, कामचुकारपणा केला नाही. "कोमट आहे, चालू द्या." आणि तिच्यासाठी चहा टाकायला गेले. तिने रात्रीच्या जेवणवेळेपर्यंत काम पुरं केलं, चित्रं पाठवली, आणि बापलेक खुशीत झोपली.

सकाळी नर्सबाईंनी चादर बाजूला केली आणि त्यांच्या हातातलं भांडं खाली पडलं. दोन्ही मांड्यांवर लॅपटॉपच्या कडेची रेघ उमटली होती आणि आतली कातडी टरारून फुगली होती. साहेब मान उंचावून विचारत होत्या, "काय झालं? सांगा ना, काय झालं?" तिला काहीच दुखत नव्हतं.

रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी जखमा पाहिल्या आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. खोलवर भाजलंय, म्हणाल्या, आणि अशा पायांत रक्त नीट खेळत नाही, भरून यायला जड जाईल. "इतका वेळ कुणी हात लावून पाहिलं नाही?"

"मी पाहिला," काका म्हणाले. "कोमट होता."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग त्यांच्या हातांकडे. "डोळे मिटा," म्हणाल्या. काकांनी मिटले. बाईंनी टाचणीचं टोक त्यांच्या बोटाला लावलं, मग दुसऱ्या, मग तळव्याच्या मध्यावर जरा दाबून. पलंगावरून लेक बघत होती.

"लावा की," काका म्हणाले. "मिटलेत डोळे."

थोडी वाट बघून त्यांनी डोळे उघडले. टाचणी तळव्यावरच होती. बाईंनी हळू आवाजात रक्तातली साखर कधी तपासली होती का विचारलं. कधीच नव्हती. साखरेने आणि इस्त्रीने मिळून हात केव्हाच बधिर केले होते, आणि काका आयुष्यभर त्यालाच सवय म्हणत आले होते. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले, दुसऱ्या कुणाचं काही चोरून आणल्यासारखे. तोंडातून 'साहेब' निघेना. "बाळा," ते म्हणाले, "बाळा, मला खरंच कोमट लागलं गं."

"माहितीय रे," ती म्हणाली. तिचेही डोळे भरले होते, पण हसली. "दोघंही सारखेच निघालो की आपण. तुझा चहा बघूनच मला कळायला पाहिजे होतं."

जखमा भरल्या नाहीत. आधी चिघळल्या, मग ताप आला, मग विष रक्तात उतरलं. कंपनीतून कुणीतरी फोन करून तिच्या चित्रांचं तोंड भरून कौतुक केलं, पुढचं काम कधी घेणार म्हणून विचारलं. काकांनी "तिला बरं वाटलं की" असं सांगितलं. शेवटच्या दिवसांत तापाने फणफणलेल्या तिच्या कपाळाला काका हात लावायचे नाहीत. नर्सबाई भेटायला आल्या की त्यांना म्हणायचे, "जरा बघता का, किती आहे?" पोटच्या पोरीचा ताप दुसऱ्याला विचारावा लागत होता. एकदा तिने स्वतःच त्यांचा हात ओढून कपाळावर ठेवला. "राहू दे," म्हणाली, "गार वाटतं." त्याच दुपारी ती गेली.

लोक आले, बसले, आणि लोक बोलतात तसं बोलले. तसंही तिचं काय आयुष्य होतं, सुटली बिचारी, असं एकाने म्हटलं. काकांनी त्याला दार दाखवलं. त्यानंतर कुणी फारसं आलं नाही.

काही दिवसांनी काका लॅपटॉप काखेत मारून त्या दुकानात गेले. मेकॅनिकला सगळं कळलेलं होतं. तो उठून उभा राहिला आणि त्याने स्टूल पुढे सरकवलं.

"त्या दिवशी चालवला होतास तसा चालव," काका म्हणाले.

"काका, कशाला आता?"

"चालव. बोजा टाक."

त्याने लॅपटॉप चालू केला आणि कामाचा बोजा टाकला. पंखे घरघरायला लागले. दोघं समोरासमोर बसून राहिले, मध्ये एक गिऱ्हाईक येऊन परत गेलं. बऱ्याच वेळाने काकांनी लॅपटॉप एका कडेवर उभा केला आणि बुडाला तळवा लावला. तोच तळवा, तसाच, अख्खा. त्यांनी मान हलवली. कोमट.

मग ते वाकले आणि तिथे गाल टेकवला.

मान झटकन मागे गेली. गालावर लाल डाग उठला होता. मेकॅनिक लॅपटॉप बंद करायला पुढे झाला तर काकांनी त्याचा हात धरला आणि गाल पुन्हा टेकवला, आता डोळे मिटून. या वेळी त्यांनी मान काढली नाही. मेकॅनिकने बळजबरीने लॅपटॉप ओढून घेतला तेव्हा ते स्टुलावर मटकन बसले, गाल हाताने झाकून.

"कोमट नव्हतं," ते म्हणाले. "साहेब, कोमट नव्हतं हो."

मेकॅनिकने दुकानाचं दार लोटून घेतलं आणि पाण्याचा ग्लास आणून त्यांच्या हातात दिला. देण्याआधी त्याने ग्लासला बाहेरून हात लावून बघितला.