फय्याजभाईचे स्टार्टर

कामरगावच्या बस स्टॉपवर उतरून कोणालाही विचारा, "फय्याज मिस्त्री कुठं बसते?" तो माणूस आधी हसणार आणि मग रस्ता दाखवणार. कारण फय्याजभाईंचं नाव घेतलं की सगळ्यांना त्यांचं एकच वाक्य आठवतं. "होऊन जाईन!" मोटार जळली? होऊन जाईन. पाइप विहिरीत निसटला? होऊन जाईन. एकदा कोणीतरी मस्करीत म्हणालं, "फय्याजभाई, माह्या पोट्ट्याले गणितात पास करून द्या." यांच्या तोंडून आपोआप "होऊन जाईन" निघालं आणि मग बिचारे कितीतरी दिवस त्या पोट्ट्याला दुकानात बसवून पाढे म्हणून घेत होते. खरंच!

दुकान म्हणजे टिनाची एक खोली. विहिरीवरच्या मोटारींचं वायंडिंग करायचं आणि त्या मोटारी चालू-बंद करायचे जे डबे असतात ना, स्टार्टर, ते दुरुस्त करायचे. आत वार्निशचा वास, तांब्याच्या तारांची भेंडोळी, कानावर पेन्सिल ठेवलेले फय्याजभाई. दुकानामागे घर आणि दोन्हीच्या मधात अंजिराचं झाड. फय्याजभाईंच्या बायकोनं, फरहतभाभींनी, मंगरूळपीरहून, माहेरून, ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेली ती फांदी होती. आता तिचं झाड झालं आणि यंदा ते पहिल्यांदाच असं लदबदलं. भाभी त्या झाडाशी बोलतात सुद्धा. फय्याजभाई म्हणतात, "घरात पयले पानी त्याले भेटते, मंग मले."

आता झालं काय, यांचा मुलगा अमान अमरावतीला शिकतो. दिवाळीत आला आणि मोबाइलच्या नकाशावर दुकानाचं नाव टाकून गेला. "फय्याज स्टार्टर्स, कामरगाव." गिऱ्हाइकांनी खाली कौतुकपण लिहिलं. "एकदम कडक स्टार्टर." "वेळेवर आणून देतात." "फय्याजभाईंचा हातच न्यारा." आता वाचणाऱ्याला कसं कळावं यात नेमकं कडक काय आहे ते?

फेब्रुवारीत गव्हाला पाणी सुरू होतं, दुकानात नुसती गर्दी, त्यात फोन वाजला. मुलीचा आवाज.

"काका, स्टार्टर मिळतील ना तुमच्याकडे?"

"मिळतीन म्हंजे? जिंदगी गेली यातच, बाई."

"शंभर तरी लागतील. या रविवारी."

शंभर! फय्याजभाईंच्या हातातला पाना पायावर पडला, पण दुखलंच नाही. "फुल ऑटोमॅटिक पायजे का साधे?"

"ऑटोमॅटिक? साधेच करा काका. फक्त हातात धरता आले पाहिजेत. लोक उभेच असणार ना."

हातात धरायचे स्टार्टर? असन, नवीन मॉडेल आलं असन. "होऊन जाईन! कोनाच्या घरची तू, बेटा?"

"रामराव पाटलांची वर्षाराणी. माझा साखरपुडा आहे, शेतातच. पण बाबांना सांगू नका हं, सरप्राइज आहे."

रामराव! बस, विषय संपला. फय्याजभाई नवीन नवीन होते तेव्हा कोणी त्यांच्याकडे मोटार देत नव्हतं. तेव्हा हे रामराव आपली मोटार घेऊन आले आणि दिवसभर दुकानासमोर नुसते बसून राहिले. का? तर येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं की पाटलांनी मोटार इथं दिली. दुसऱ्या दिवसापासून दुकान चालू झालं ते आजपर्यंत. वर्षाराणी तर लहानपणापासून मावशीकडे पुण्यात वाढलेली, तिला यातलं काहीच माहीत नाही.

रात्री जेवताना त्यांनी भाभींना सांगितलं. "रामरावच्या पोट्टीचं मन पाह्य किती मोठं हाय! पाहुन्याइले आहेरात स्टार्टर देऊन राह्यली."

भाभींचा घास हातातच राहिला. "आहेरात स्टार्टर? नवरदेवाले मोटार देते का मंग?"

"मोठ्या लोकाइचं काई सांगता येत नाई."

दुसऱ्या दिवशी परत फोन.

"काका, एक राहिलंच सांगायचं. अंजीर आणि चीजचे कराल का?"

"कोनती चीज?"

"चीज, काका."

"अवो व्हय, पन कोनती चीज?"

"कुठलंही चालेल. साधं दुकानातलं. अंजीर कापायचं, वर चीज ठेवायचं, काडी टोचायची. अगदी सोपं. पाहुण्यांनी येता-जाता एकेक तोंडात टाकायचं."

तोंडात! फय्याजभाई समोरच्या उघड्या मोटारीवरच बसले. डोक्यात एकदम लाइट आली. त्यांनी "बेटा, अवो" म्हणून तोंड उघडलं, पण पोरगी बोलतच होती.

"लग्नसराई आहे म्हणून सगळे नाही म्हणाले काका, तुम्ही एकटेच हो म्हणालात. गावातला आचारी तर वरण-बट्टीच्या पलीकडे जायला तयार नाही. प्रसेनजितचे, म्हणजे माझ्या होणाऱ्या नवऱ्याचे आजोबा, आप्पा, सासवडकडचे अंजीरवाले आहेत. मी मोठ्या तोऱ्यात सांगून बसलेय, आमच्याकडेही अंजीर खाऊ घालते म्हणून. आता तुमच्यावरच आहे सगळं."

आणि फय्याजभाईंच्या तोंडून निघालं, "होऊन जाईन."

फोन ठेवल्यावर ते कितीतरी वेळ अंजिराच्या झाडाकडे बघत बसले. झाडाखाली भाभी उभ्या होत्या आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"नाई म्हनता येत नाई का तुमाले? दोन अक्षरं हायेत, अमानचे अब्बा! ना आन् ई!"

"रामरावची पोट्टी हाय वो."

"आन् अंजीर कोनाचे?"

"तुये," फय्याजभाई एकदम बारीक आवाजात म्हणाले.

भाभी झाडाकडे वळल्या, एक पिकलेलं अंजीर हळूच दाबून पाहिलं. मग म्हणाल्या, "रामरावभाऊची पोट्टी हाय म्हनून. नाई तं तुमाले या झाडाले बांधून ठेवलं असतं."

कारंज्याहून चीजची डबी आली. फय्याजभाईंचं म्हणणं, तळल्याशिवाय स्टार्टर कसलं? म्हणून त्यांनी स्वतः बेसन कालवलं, अंजिराच्या पोटात चीज कोंबलं, बुडवलं आणि सोडलं कढईत. फटाक! अंजीर फुटलं, चीज वितळून तेलात पसरलं, तेल उडालं, फय्याजभाई मागे उडाले.

"या अंजिराची कुरआनमधी अल्लानं कसम खाल्ली हाय," भाभी कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आन् तुमी त्याचं भजं करून राह्यले?"

फटाका ऐकून शेजारच्या पंचफुलाबाई धावत आल्या. कढईतलं जे काही उरलं होतं ते त्यांनी उचललं, फुंकर मारली, चावलं, विचार केला.

"कसं हाय, काकू?"

"कसं सांगू बावा. भरलं वांगं गोड झाल्यावानी लागते. पन वांगं नाई."

फय्याजभाईंचा चेहरा पडला. पण भाभी एकदम थांबल्या. "वांगं," त्या म्हणाल्या. "भरलं वांगं!" आणि विळी ओढली.

भरल्या वांग्याला कसं, देठ तसाच ठेवून चार फाका करतो, पण पूर्ण कापत नाही? तसंच त्यांनी अंजीर चिरलं. ते फुलासारखं उघडलं, आत लालचुटूक. रात्रभर फडक्यात टांगलेल्या दह्याचा चक्का होता, त्यात चीज किसलं, मीठ, कुटलेले मिरे आणि भाजलेल्या शेंगदाण्याचा जाडसर कूट. ते सारण अंजिरात भरलं आणि वरून मधाचा एक थेंब. बस! ना गॅस, ना तेल. उरलेल्या भाकरीचे तुकडे तव्यावर कडक करून त्यावर चीज, अंजिराची चकती आणि ठेच्याचा एवढासा टिपका, हा दुसरा प्रकार.

पंचफुलाबाईंनी एक तोंडात टाकलं. दुसरं टाकलं.

"काकू, सांगा ना वो!"

"थांब ना माय, खाऊ तं दे!"

आता फय्याजभाईंना काम मिळालं. मोटारीत तारा भरल्या की त्या निसटू नयेत म्हणून बांबूच्या बारीक पट्ट्या ठोकतात, त्यात यांचा हात बसलेला. त्यांनी नवीन बांबू आणला, धुतला आणि दुकानात बसून अशा सरळ, गुळगुळीत काड्या तासल्या की गिऱ्हाइकं विचारायला लागली, "मिस्त्री, हे कोनत्या मोटारीचं हाय?"

"पोटाच्या," फय्याजभाई म्हणायचे.

एकच गोष्ट त्यांना आतून खात होती. झाडावर पिकलेले अंजीर मोजकेच होते आणि पाहुणे शंभर. भाभी रोज विचारायच्या, "पुरतीन का?" आणि हे रोज तेच म्हणायचे. काय म्हणायचे ते सांगायला पाहिजे का?

रविवारी रामरावांच्या शेतात मांडव पडला. बाजूला हिरवागार गहू, विहिरीची मोटार धडाधड पाणी फेकून राह्यली. फय्याजभाईंनी इस्त्रीचा कुर्ता घातला होता, पण खिशात पेचकस. एखादी मोटार बंद पडावी, कुठं फेज जावी, म्हणजे आपण आपल्या कामाला लागू आणि या पाहुण्यांच्या नजरेतून सुटू, अशी त्यांची मनातल्या मनात दुआ चालू होती. पण त्या दिवशी काहीच बिघडलं नाही. लाइटसुद्धा गेली नाही! वाशिम जिल्ह्यात!

भाभींनी एका टेबलावर ट्रे मांडले, वर्षाराणीनं ते उचलले आणि निघाली. आणि काय सांगू, ते अंजीर पाहुण्यांत असे गेले की बस. पुण्याच्या बायका फोटो काढत होत्या, गावची माणसं "हे काय हाय, हे काय हाय" करत दोन-दोन उचलत होती, पंचफुलाबाई तर प्रत्येकाला सांगत होत्या, "वांग्याचं म्याच सुचवलं." ट्रे भरून गेले आणि रिकामे परत आले.

तेवढ्यात विहिरीवर हातपाय धुऊन आप्पा मांडवात आले. पांढरं धोतर, टोपी, डोळे एकदम मिश्कील. वर्षाराणी धावत भाभींच्या टेबलाशी आली.

"काका, आप्पांसाठी! लवकर!"

फय्याजभाईंनी भाभींकडे पाहिलं. भाभींनी ट्रे उलटा करून दाखवला.

ज्या माणसासाठी एवढं सगळं, तोच राहिला! पोरीचा चेहरा एवढासा झाला. सवयीनं फय्याजभाईंचे ओठ हलले, "होऊन..." आणि पुढचं निघालंच नाही.

"नाई," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा. "नाई बेटा. संपले. झाडाले होते तेवढे सगये आनले. आन् अजून एक सांगतो. मी हे स्टार्टरवाला नाईच. मी मोटारीचा स्टार्टरवाला होय."

गर्दीतून रामराव पुढे आले. "अबे फय्याज! तू कामावर आला व्हय? मी समजलो जेवाले आला!"

वर्षाराणीच्या डोळ्यांत पाणी. "पण मग तुम्ही हो का म्हणालात, काका?"

"तुया बापाचं नाव निघालं आन् तोंडातून निघून गेलं, माय."

भाभींनी तेव्हा ओढणीच्या आडून एक छोटा डबा काढला. त्यात एकच अंजीर होतं. आठवडाभर काड्या तासून तासून फय्याजभाईंनी स्वतः एकही चाखलं नव्हतं, म्हणून त्यांच्यासाठी बाजूला ठेवलेलं. भाभींनी ते आप्पांसमोर धरलं. "घ्या, काका."

आप्पांनी आधी देठ पाहिला, मग चिरलेल्या फाका पाहिल्या, मग अख्खं तोंडात टाकलं आणि डोळे मिटले.

"वांग्यावानी चिरलंय," आप्पा डोळे न उघडता म्हणाले. "जल्मभर अंजीर पिकवलं, पर ही अक्कल आमच्या घरात कुणाला सुचली न्हाई. पोरी, हे तुझ्या गावचं अंजीर?"

"हो, आप्पा," वर्षाराणी म्हणाली आणि रडता रडता हसायला लागली.

"प्रसेनजित! गाडीतल्या पेट्या काढ."

नवरदेवाकडच्यांनी भेट म्हणून अंजिराच्या पेट्याच्या पेट्या आणल्या होत्या! चक्का तर भाभींकडे होताच, कमी पडले होते ते अंजीर. मग काय विचारता, भाभी मधोमध बसल्या आणि अर्धा मांडव त्यांच्याभोवती. नवरदेव चिरून राह्यला, नवरी भरून राह्यली, रामराव काड्या टोचून राह्यले आणि भाभी सगळ्यांवर ओरडून राह्यल्या, "देठ नका तोडू! देठ!"

आप्पांनी फय्याजभाईंना हाताला धरून बाजूला नेलं. "मिस्तरी, आमची एक मोटार हाय. चालू केली का पाच मिनिटात बंद पडती. लई जणांनी बघितली."

फय्याजभाईंचा चेहरा असा उजळला जशा तिन्ही फेज एकदम आल्या. "स्टार्टरमधला रिले असन! का लाइट कमी दाबानं येते? होऊन जाईन, काका, होऊन जाईन!"

"सासवडले जाता का आता?" भाभी तिकडून ओरडल्या.

मागच्या आठवड्यात दुकानातला फोन परत वाजला. शिरपूरहून कोणीतरी बाई, वाढदिवस होता. "स्टार्टर मिळतीन का वो?"

फय्याजभाईंनी तोंड उघडलं, मिटलं, खाकरले.

"बाई, आधी एक सांगा. खायचे का मोटारीचे?"

मागून, अंजिराला पाणी घालता घालता, भाभींचा आवाज आला.

"दोनीबी होऊन जाईन म्हना!"