मुराळ्याची गाडी

किक मारून मारून माझी पोटरी भरून आली होती, तरी गाडी फट्‌ म्हणेना. मिस्तरी बाजूला चहा पीत उभा. म्हणाला, ‘भाऊ, रागानं नका मारू, तिला कळतं.’ कळतं म्हणे. त्याच्या डोक्यात पाना घालावा असं त्या हिवाळ्या-उन्हाळ्यात मला कितीदा तरी वाटलं, त्यातली ही एक वेळ.

गाडी आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. लहानशी टू-स्ट्रोक, ते मॉडेल बंद होऊन जमाना झाला. आबा गेल्यापासून ती आमच्या धुळ्याच्या घरामागं पत्र्याखाली पडून होती आणि टाकीवर शेजारच्या कोंबड्या बसायच्या. मला जुन्या गाड्यांचा शौक वगैरे काही नाही. बायको म्हणाली तसं, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. असला उद्योग मी हौसेनं करणारच नव्हतो. अक्कानं करायला लावला.

अक्का माझी मोठी बहीण, सोनगीरला दिलेली. आमच्याकडे अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, पण आपल्या आपण येत नाहीत. माहेरचा माणूस न्यायला जातो, तो मुराळी. आबा दरवर्षी याच गाडीवर जाऊन तिला आणायचे. आबा गेले आणि तिचं येणंच बंद झालं. अहो, मी फोन करत होतो ना! दिवसभर बस आहेत म्हटलं, कार पाठवतो म्हटलं. नाही म्हणजे नाही. शेवटी एकदा बोलली, ‘आबानी गाडी दारात वाजू दे, मंग येसू.’ म्हणजे आबांचीच गाडी हवी, तरच येणार! माणसाला मानपान तरी किती असावेत. मी फोन ठेवून दिला आणि म्हटलं, बस मग तिथंच.

पण मायनं अखाजीचा झोका माळ्यावरून काढणं सोडलं होतं. ‘लेक नाही तर झोका कोणासाठी,’ एवढंच म्हणायची आणि तांदूळ निवडत बसायची. भांडली असती तर परवडलं असतं. ते गप्प बसणं मला सहन होईना, म्हणून गाडी बाहेर काढली.

पैसे बेताचे, त्यामुळे नवं काही नाही. मिळेल ते जुळवायचं. कार्बोरेटर सडलेला. मिस्तरीला कुठून तरी कळलं की जळगावला मेहरूणमध्ये एकाकडे अशीच गाडी पडून आहे. रजा टाकून गेलो. त्या माणसानं मला अंगणात बसवून आपल्या गाडीची सगळी कहाणी सांगितली, उसाचा रस पाजला, आणि शेवटी म्हणाला, ‘विकायची मात्र नाही.’ मग आधीच सांगायचं ना बाबा. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा नुसता कार्बोरेटर दिला. आणून पाहतो तर बसेना. मिस्तरीनं एका मोपेडचा बसवला, तो गळायला लागला. गळती थांबली तर करंट येईना. करंट आला त्या दिवशी सायलेन्सर तुटून पडला. एक सांधावं तर तेरा तुटतात म्हणतात, ते माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं. आणि केव्हाही जा, मिस्तरीचं उत्तर ठरलेलं : ‘उद्या या.’

एक दिवस म्हणाला, ‘मागचा सांगाडा सडलाय भाऊ, वेल्डिंग धरणार नाही. कापून टाकू? पोरं तर हौसेनं कापून घेतात. गाडी हलकी होते, ओढतेही चांगली.’

‘काय कापायचं ते काप,’ मी म्हणालो, ‘पण चालू कर.’ अखाजी तोंडावर आली होती.

आदल्या दिवशी दुपारी ती चालू झाली. दारात आणली तेव्हा आवाज अगदी तोच, टर्र टर्र, मधेच एक उचकी. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू? माय भिंतीला धरत ओट्यावर आली. गाडीकडे पाहिलं आणि सुनेला म्हणाली, ‘झोका काढ वं.’

मी तसाच सोनगीरला निघालो. हायवेला ट्रकवाले हॉर्न मारून मारून कान फोडत होते, पण आज मला कोणाचा राग येत नव्हता. किल्ला दिसायला लागला, गल्लीत वळलो, आणि आवाज ऐकून अक्का पिशवी घेऊन दारात येऊन उभीच. तिनं गाडीभोवती एक फेरी मारली. मग म्हणाली,

‘भाऊ, मी बसू कोठे?’

मी मागं वळून पाहिलं. माझ्या पाठीमागं वीतभर मडगार्ड आणि एक लाल दिवा, बाकी काही नाही. इतके महिने मी मिस्तरीशी इंजिनावर बोललो, टाकीवर, वायरीवर बोललो; मागं कोण बसणार हे बोललोच नव्हतो. मुराळी म्हणून आलो आणि एकट्याची सीट घेऊन आलो. तिची सासू ओट्यावरून टक लावून पाहत होती. त्यात गाडी बंद पडली. किक मारली, पुन्हा मारली, मारतच राहिलो. मला रडायचं तेवढं बाकी होतं.

अक्कानं पिशवी माझ्या हातात दिली. ‘सरक.’

तिनं पदर खोचला, गाडी एका अंगाला कलती केली, जरा थांबली, सरळ केली आणि एकच किक मारली. गाडी चालू.

‘आबानी शिकाडं,’ माझ्या तोंडाकडे पाहून ती म्हणाली.

मग कळलं ते असं. आबा तिला न्यायला यायचे आणि गाव मागं पडलं की गाडी थांबवून मागं बसायचे. धुळ्याच्या अलीकडपर्यंत अक्का चालवायची, तिथं पुन्हा जागा बदलायचे. दरवर्षी. आम्हाला घरात कोणाला पत्ता नाही. सासरी दारात तीन-तीन गाड्या होत्या, पण एकीचीही किल्ली तिच्या हातात कोणी दिली नव्हती.

‘माले गाडी चालावनी व्हती,’ ती म्हणाली, ‘आन तू म्हने कार धाडी देस.’

माझ्या डोक्यावरचं हेल्मेट तिनंच काढून घेतलं आणि सासूच्या देखत, भर गल्लीतून निघून गेली. मी तिची पिशवी घेऊन फाट्यावर बसची वाट पाहत उभा राहिलो. बस आली ती भरलेली. धुळ्यापर्यंत उभ्यानं आलो.

घरी पोचलो तर झोका बांधलेला, अक्का त्यावर, आणि माय हळूहळू झोका देतेय. मला पाहून माय म्हणाली, ‘इतला येळ कोठे व्हता?’

दुसऱ्या दिवशी आबांच्या नावाची घागर भरली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, सांजोरी ठेवली. हात जोडून उठताना अक्का माझ्या कानाशी म्हणाली, ‘शीट मोठी करी ले. आबा बशेत तठे आते तू बसजो.’

अखाजी झाल्या झाल्या मिस्तरीकडे गेलो. म्हटलं, मागं एक माणूस नीट बसेल एवढी सीट करून दे.

‘कोण बसणार मागं?’ त्यानं विचारलं.

‘मी,’ म्हटलं.

त्यानं गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘उद्या या.’