बशीतल्या अंगठ्या

आलेल्या गिऱ्हाइकाला आधी परत पाठवायचं, अशा बेतानं दुकान चालवणारा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात एकच होता, आणि ते म्हणजे नांदुऱ्याचे आमचे बॅटरीवाले चाचा. माझी जुनी जीप रुसली की मी नवी बॅटरी मागायला जाई, आणि चाचा जुनीच्याच टोकांवरचा पांढरा-हिरवा बुरा गरम पाण्यानं धुऊन, तारा आवळून मला हाकलून देत. बॅटरी खरोखर मेली असली तरी सुटका नसे. माप कोणतं, प्लस कोणत्या बाजूला, गाडी रोज चालते की नुसती उभी असते, अशी उलटतपासणी होई. मग नवीवरची तारीख मला मोठ्यानं वाचायला लावत. एका साली आम्ही सगळ्यांनी पाकिटावरचं टपोरं बोंड बघून बीटी कापसाचं बियाणं पेरलं होतं आणि बोंडात निघाली गुलाबी अळी. चाचा ते विसरू देत नसत. "पाकिटावरचं चित्र पाहून बियाणं घेतलं, आता डब्यावरचं चित्र पाहून बॅटरी घेतं काय बे?" असं भर बाजारात विचारत, आणि मी मुकाट्यानं तारीख वाचत असे.

सगळ्यात कडक कायदा बशीचा. बॉनेटखाली हात घालणाऱ्यानं अंगठी, कडं, घड्याळ काढून एका टवका उडालेल्या बशीत ठेवायचं. मायनस आधी सोडायचा आणि लावताना शेवटी लावायचा. चाचांच्या एका बोटाला गोल डाग होता. तरुणपणी पाना प्लसवर असताना त्यांची चांदीची अंगठी पान्याला आणि गाडीच्या पत्र्याला एकदम टेकली होती. क्षणात लाल झालेली ती अंगठी शेवटी कापून काढावी लागली.

एक दिवस जागेचे मालकच आले. त्यांचं बियाण्याचं मोठं दुकान, आणि चाचांची टपरी त्यांच्याच जागेत. गाडी बंद पडलेली, चार बोटांत चार अंगठ्या, आणि घाई इतकी की त्यांनी स्वतःच पाना उचलून थेट प्लसला लावला. चाचांनी चारचौघांत त्यांचं मनगट धरलं आणि बशी पुढे केली. शेठ म्हणाले, अंगठ्या ज्योतिषानं दिल्यात, निघणार नाहीत. हात सोड, नाहीतर जागा सोड.

चाचांनी पाना काढून घेतला. "जागा तुमची हाय शेठ. पाना माहा हाय."

महिन्याच्या आत टपरी उठली. मी चिडून मोताळ्याच्या रस्त्यावर गेलो, तर चाचा कडुनिंबाखाली विटांवर बॅटऱ्या मांडत होते. बशी आधीच मांडून झाली होती. जळलं असतं बोट तर जळू द्यायचं होतं, मी म्हणालो.

"दुकान माहं गेलं, बोट त्याचं राह्यलं," चाचा म्हणाले. "दुकान झाडाखाली बी लागते. बोट लागते काय?"

चाचांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा एका लग्नात शेठ भेटले, त्यांनी हात जोडले. सगळी बोटं शाबूत होती, अंगठ्याही जागच्या जागी. मला चाचांची फार आठवण आली, आणि मी त्या हातांकडे बघतच राहिलो.