आश्रुबानानानं रंगवलेले बिल्ले

चौसाळ्याच्या पलीकडं आमचं गाव. पोळ्याला बैलाची शिंगं रंगवायची तर आश्रुबानानानंच, हे पंचवीस वर्षं चालत आलंय. नानाची शेती बेताची, पण हातात ब्रश घेतला की रेघ तसूभर हलत न्हाई. बुडाला निळा, शेंड्याला लाल, मधी दोऱ्यायेवढी पिवळी पट्टी. बैल हलला तर शिव्या मालकाला.

अवंदा नानानं शिंगं रंगवलीच, वर कानातले सरकारी बिल्लेबी रंगवले. पिवळं प्लास्टिक, त्याच्यावर बारा आकडे अन् काळ्या उभ्या रेघा. "सजवलेल्या बैलाच्या कानात ही कसली चिठ्ठी?" म्हणत त्यानं लाल ऑइलपेंटचा हात मारला. एकाचं बघून दुसऱ्यानं करून घेतलं. चौतीस बैल, चौतीस बिल्ले. कुणीच अडवलं न्हाई. म्याबी न्हाई, माझे दोन त्यातलेच.

आठव्या दिवशी लम्पीची लस घिऊन जनावरांच्या डॉक्टर चैताली मॅडम आल्या. शेजारच्या गावात दोन बैल गाठी येऊन पडलेले, म्हणून सगळ्यांनी सकाळीच जनावरं मारुतीपुढं आणली. मॅडमनी पहिल्या बैलाच्या कानापुढं मोबाईल धरला. मोबाईल गप.

"हा बिल्ला कुणी रंगवला?"

"म्या. कावून?"

"काका, रेघा दिसल्याशिवाय स्कॅन होत नाही."

"रेघा कशाला? मला इचारा की. ह्यो सुग्रीवचा, सहादाती, डाव्या अंगाला चालतो. गावातला एकूण एक बैल वळखतो मी."

"मग ते मोबाईलला सांगा. नोंद न करता मला लस देता येत नाही. आणि दोन वाजता मला पुढच्या गावाला जायचंय."

सुग्रीवनं कपाळावर हात मारला. "नाना, दात तेवढे रंगवायचे ठिवलेस बग!"

"पोळ्याला 'लई झ्याक दिसतंय' कोण म्हणलं? तुझा आज्जा?"

ज्यानं रंगवलं त्यानंच पुसायचं, असं ठरलं. सुग्रीवनं कुरकुर करत मोटरसायकलीतलं पेट्रोल काढून दिलं. नाना चिंधी भिजवायचा, कान धरायचा, घासायचा. वासानं बैल मान झटकायचे अन् बाजूच्या बैलाची शेपटी नानाच्या तोंडावर. ऊन डोक्यावर, पेट्रोलनं बोटं सोललेली. त्यात ज्याला त्याला आधी आपला बैल पायजे! "माझा घे की नाना", "माझा कवाचा हुबा हाय". नानानं सगळ्यांचे पुसले अन् घरचा ढवळ्या मागं ठिवला.

दोनाला धा मिंटं कमी. पेट्रोल सरलं. नानानं घाईघाईनं विळ्याच्या टोकानं खरवडलं. रंग निघाला, त्याच्यासंगं रेघाबी निघाल्या अन् शेवटचे चार आकडेबी.

मॅडमनी मोबाईल फिरवला, उलटा धरला, पुसला, परत धरला. "काका, काय केलंत हे! आता नवा बिल्ला. जुनं भोक ढिलं झालंय, दुसरं पाडावं लागेल."

"न्हाई. कानाची चाळण करायची न्हाई माझ्या बैलाच्या."

"मग ढवळ्याची लस राहिली. मी निघते."

आदल्या दिवशी नाना शेजारच्या गावातले ते बैल बघून आलता. गाठींनी अंग भरलेलं, पाय सुजलेले, तोंडातनं लाळ. तो ढवळ्याच्या कानाकडं बघत राहिला. मग त्याची मान काखेत दाबून कान दोन बोटांत ताणून धरला.

"मारा. पर बाई, सरळ मारा. गावात नाव हाय माझं."

मॅडमनी बिल्ला बसवायचा चिमटा दाबला. ढवळ्यानं असा हिसडा दिला की नाना हेलपाटला. लगीच मॅडमनी नव्या बिल्ल्यापुढं मोबाईल धरला, तो वाजला अन् मानंत सुई गेली.

नाना मोकळा झाला, चार पावलं मागं सरला अन् एक डोळा मिटून बिल्ल्याकडं बघाया लागला.

"बोटभर डावीकडं गेला," तो म्हणला.