शेवटच्या हूटरचा निकाल

"आधी बाकावर बसा, मग भांडा."

सामन्याच्या शेवटी वाद पेटला की मॅडम दोन्ही संघांना असं वेगळं करायच्या. भिंगारच्या एका शाळेत त्या खेळ शिकवायच्या आणि जिल्हाभर बास्केटबॉलची पंचगिरी करायच्या. मी घड्याळ सांभाळायचो. समोरचा ओरडायला लागला की त्या इतकं हळू बोलायच्या, की ऐकण्यासाठी त्यालाच गप्प व्हावं लागे.

हरणाऱ्यांचा आवाज किती मोठा असतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. एका अंतिम सामन्यात यजमान मुली एका गुणानं पुढे होत्या. बेलापूरच्या मुलीनं लांबून बॉल फेकला, वेळ संपल्याचा माझा हूटर वाजला आणि बॉल जाळीतून खाली आला. यजमानांची माणसं मैदानात घुसली. "हूटर आधी वाजला!"

नियम साधा. हूटरच्या आधी बॉल हातातून सुटला असेल, तर बास्केट धरायची. मॅडमनी दुसऱ्या पंचांना विचारलं.

"माझ्याकडं तिची पाठ होती," ते म्हणाले.

मग मला. "मी घड्याळ बघत होतो, मॅडम. बॉल नाही."

"तेच तुझं काम. तिचा हात मी बघत होते. बॉल सुटला होता." त्यांनी बास्केट धरली. बेलापूर जिंकलं.

स्पर्धेचे अध्यक्ष मोबाईल घेऊन आले. "मॅडम, यात बघा ना. गावाच्या इज्जतीचा प्रश्न हाय."

"व्हिडिओ बघायचा होता तर सामन्याआधी ठरवायचं. हरल्यावर नाही."

"पुढच्या वर्षी तुमाला बोलवायचं का न्हाई, ते आमच्या हातात हाय."

"असू दे. आजचा निकाल माझ्या हातात आहे."

गर्दी पांगेपर्यंत त्या मैदानाच्या मधोमध उभ्या राहिल्या. बेलापूरच्या मुली पाया पडायला आल्या, तर मॅडम त्यांच्यावरच उखडल्या. "मी तुमच्या बाजूनं नव्हते. चला, व्हा बाजूला."

पुढच्या वर्षी त्यांना बोलावणं आलं नाही. मला आलं. मीही जात नाही म्हणालो, तेव्हा चिडल्या. "जायचंस! दोघंही हटलो तर घड्याळाच्या टेबलावरही अध्यक्षांचीच माणसं बसतील."

मी गेलो. सामना सुरू होणार, तोच मॅडम आल्या आणि पहिल्या रांगेत अध्यक्षांच्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या. अध्यक्षांनी तोंड फिरवलं. मॅडमनी पर्समधून शेंगदाण्यांची पुडी काढली आणि त्यांच्यापुढं धरली.

"घ्या की. आज मला नुसतं बघायचंय."